उकिरड्यात काय जावे आणि काय जाऊ नये



उकिरडा ही आपल्या वाडवडिलांची पेढी होती. शेण, गोठ्यातला केर, चुलीची राख, खरकटे आणि पालापाचोळा वर्षभर तिथे साठे आणि पेरणीआधी गाड्या भरून शेतात जाई. आज त्याच उकिरड्यात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, टॉर्चचे सेल, दाढीची पाती आणि फवारणीच्या औषधाच्या बाटल्या पडतात. खत शेतात गेले की हेही सारे शेतात जाते. म्हणून या धड्यात एकच गोष्ट शिकायची आहे: कचरा टाकण्यापूर्वी वेगळा करावा. एकदा मिसळलेला कचरा निवडणे फार कठीण; हातातला कचरा योग्य टोपलीत टाकणे अगदी सोपे.

१. मिसळल्याने काय बिघडते?

प्रथम जनावराचे पाहू. भाजीची देठे आणि शिळा भात पिशवीत बांधून आपण बाहेर फेकतो. गाईला वास येतो, पण गाठ सोडता येत नाही; ती पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक तिच्या मोठ्या पोटात विरघळत नाही, रवंथातून वर येत नाही आणि शेणातून सहसा बाहेरही पडत नाही. पिशवीवर पिशवी साठते. गाय चारा कमी खाते, दूध आटते, पोट फुगते. मग शस्त्रक्रिया करून ते काढावे लागते. तार किंवा खिळा पोटात गेला तर तो जाळीपोटात अडकतो. तिथून हृदय जवळ असते. टोक तिथवर पोचले की जनावर वाचणे कठीण.

आता जमिनीचे. मातीत गेलेले प्लॅस्टिक कुजत नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात आणि ते गोळा करणे कोणाच्याही हातचे राहत नाही. काच आणि पाती भांगलणीच्या वेळी हातापायाला लागतात. अशा जखमेतून धनुर्वाताचे जंतू शिरतात, म्हणून लस घेण्यात हयगय करू नये.

२. तीन टोपल्या

केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांत घरचा कचरा ओला, सुका आणि घातक असा वेगळा करावा असे सांगितले होते. शेतकऱ्याच्या घरालाही हे तीन भाग पुरतात.

कुजणारे: भाजीची देठे, साली, खरकटे, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, पालापाचोळा. याची जागा खताच्या खड्ड्यात.

विकाऊ: रद्दी, पुठ्ठा, पत्रा, लोखंड, अॅल्युमिनियम, काचेच्या अखंड बाटल्या, जाड प्लॅस्टिक. हे कोरडे ठेवून भंगारवाल्याला द्यावे. काच आणि धातू पुन्हा पुन्हा वितळवता येतात. भंगारापासून अॅल्युमिनियम करण्यास खनिजापासून करण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. कागदाचे धागे मात्र दर वेळी आखूड होतात, आणि खरकट्याने भिजलेला कागद तर गिरणीच्या उपयोगाचा राहत नाही. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तरच तिला किंमत.

घातक: सेल, बल्ब, पाती, सुया, मुदत संपलेली औषधे, फवारणीच्या बाटल्या. हे झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे आणि कचरागाडीत किंवा तालुक्याच्या कचरा केंद्रात वेगळे द्यावे. फवारणीची रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि बाटलीला भोके पाडावीत. तिच्यात तेल, रॉकेल किंवा पाणी कधीही भरू नये.

३. खताचा खड्डा

चांगले खत करण्याची एक पद्धत इंदूरच्या नावाने जगभर ओळखली जाते. तेथील वनस्पती संशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती बसवली. १९३१ साली त्यांनी आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ पदार्थांवर पुस्तक लिहून ती सर्वांपुढे मांडली. आपल्याकडचा शेतकरी आणि चीनचा शेतकरी जे करीत आले, तेच त्यांनी मोजूनमापून पाहिले होते.

खड्डा दोन ते तीन फूट खोल असावा. जास्त खोल गेला तर तळाला हवा पोचत नाही. रुंदी सहा फूट आणि लांबी जागेप्रमाणे. सहा इंच पालापाचोळा आणि घरचा ओला कचरा, त्यावर दोन इंच शेण, त्यावर गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि चिमूटभर राख, असे थर द्यावेत. राख फार झाली तर खतातले नत्र वायू होऊन उडून जाते. ओल इतकी हवी की मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये.

कुजवण्याचे काम डोळ्यांना न दिसणारे जंतू करतात. त्यांना अन्न, पाणी आणि हवा तिन्ही लागतात. म्हणून पहिली चाळणी पंधरवड्याने, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी करावी. ढिगाच्या आत हात ठेववणार नाही इतकी ऊब येते; तिने तणाचे बी आणि माशांच्या अळ्या मरतात. तीन महिन्यांनी खत काळसर आणि भुसभुशीत होते, त्याला पावसाळी मातीचा वास येतो. कच्चे खत शेतात घातले तर हुमणी आणि वाळवी वाढते आणि पीक पिवळे पडते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, तेव्हा उंचवट्यावर ढीग करावा.

चाळायला माणूस नसेल तर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांची नाडेप टाकी बांधावी. आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. विटांच्या भिंतीला ठेवलेल्या भोकांतून हवा जाते. खत तीन ते चार महिन्यांत तयार होते.

४. इंदूर शहराचा धडा

त्याच इंदूरने पुढे शहराच्या कचऱ्याचाही धडा घातला. २०१७ साली देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात ते पहिले आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा कारखाना सुरू झाला. पण ही यंत्रे चालतात ती घराघरांतल्या वेगळ्या टोपल्यांमुळे. ओल्या कचऱ्यात पिशव्या आणि काच असती तर त्या यंत्रांचा काय उपयोग? शहराला जे इतक्या खर्चाने जमवावे लागते, त्यासाठी आपल्याला टोपल्या आणि फावडे पुरते.

५. चार गोष्टी टाळाव्यात

प्लॅस्टिक जाळू नये. त्याचा धूर मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत जातो आणि त्यात विषारी द्रव्ये असतात. चुलीत पेटवणासाठी तर मुळीच वापरू नये.

करवंट्या, डबे, जुने टायर उघडे ठेवू नयेत. त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एक दिवस ठरवून सारे पालथे घालावे.

सणाच्या किंवा लग्नाच्या जेवणावळीत प्लॅस्टिकची ताटे-पेले आणू नयेत. १ जुलै २०२२ पासून त्यांवर देशभर बंदी आहे. पत्रावळी जेवणानंतर थेट खड्ड्यात जातात.

उरलेला भात एकदम गाईपुढे ओतू नये. तिच्या पोटात आम्ल वाढते आणि ती दगावूही शकते. थोडा चाऱ्याबरोबर द्यावा, बाकीचा खड्ड्यात घालावा.

उजळणी

१. तुमच्या उकिरड्यात न कुजणाऱ्या कोणत्या पाच वस्तू आज दिसतात?
२. फवारणीची शेवटची बाटली कुठे गेली?
३. घरात तीन टोपल्या कुठे ठेवता येतील? घरच्या मंडळींनी, विशेषतः मुलांनी, मिळून ठरवावे.

या आठवड्यात एवढेच करा: उकिरड्यातले प्लॅस्टिक वेचून काढा. यंदाचे खत शेतात जाईल तेव्हा ते नुसते खतच असू द्या.