गोळी घेण्याआधी एवढं ऐक

अगं, मूल एवढ्यात नको हा तुमचा दोघांचा निर्णय, त्यात मी पडणार नाही. पण गोळ्यांचं पाकीट तू मेडिकलमधून परस्पर आणलंस, याची मला काळजी वाटते. मैत्रिणीला सोसलं ते तुला सोसेलच असं नसतं गं.

माला-एनसारख्या गोळीत दोन हार्मोन्स असतात. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठवणारे घटक वाढतात. मग क्वचित पायाच्या खोलवरच्या शिरेत गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं. गोळी न घेणाऱ्या १०,००० जणींत वर्षाला साधारण २ जणींना अशी गुठळी होते. घेणाऱ्यांत, गोळीच्या प्रकारानुसार, ५ ते १२ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तर धोका याहूनही जास्त. म्हणजे बहुतेक निरोगी तरुण मुलींनी घाबरायचं कारण नाही.

तुझं मात्र वेगळं आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येतात, वाचताना अर्धा शब्दच दिसेनासा होतो, हे तूच सांगतेस ना? अशी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेनची गोळी घ्यायचीच नसते. मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. मेडिकलवाला हे विचारत नाही आणि आपण आपणहून सांगत नाही. बीपीचंही तेच. १४०/९० च्या वर असेल तर ही गोळी सहसा देत नाहीत, पण दंडाला पट्टा बांधल्याशिवाय ते कळणार कसं? पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या बाईनेही हिच्या वाटेला जाऊ नये.

आणि गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या! त्यातल्या नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्येच बदलतो. घरात कोणी कितीही आग्रह केला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घ्यायच्या नाहीत. देवाला पाळीचं वावडं नसतं, असं मी तरी मानते.

गुठळीचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, हेही लक्षात ठेव. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत बसायचं नाही. थेट १०८ ला फोन, आणि गोळी घेत होते हे आधी सांगायचं.

पर्याय आहेत गं. तांबीत हार्मोनच नसतं. लखनौच्या सीडीआरआयमध्ये तयार झालेली ‘छाया’ ही गोळी सरकारी दवाखान्यात मिळते, तिच्यातही इस्ट्रोजेन नाही. तुला काय चालेल ते डॉक्टर तपासून सांगतील. आजपासून ही गोळी बंद कर, तोवर कंडोम वापरा, आणि पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जा. लाजू नकोस, डोळ्यांपुढच्या त्या रेषांचं पहिल्यांदा सांग.