रकान्याचे कुलूप

महाराष्ट्रात जसा सातबारा, तसा कर्नाटकात ‘पहाणी’ हा जमिनीचा उतारा असतो. पूर्वी त्याच्या नोंदी सुमारे ९,००० ग्रामलेखापालांच्या हस्तलिखित वह्यांत असत. वही ज्याच्या हाती, त्याची लेखणी कोणत्याही रकान्यात फिरू शके. म्हणून कर्नाटक शासनाने ‘भूमी’ प्रकल्प हाती घेतला. त्याची संगणकीय आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या बंगळुरू येथील शाखेने तयार केली. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या २ कोटी नोंदी संगणकावर आल्या. १५ रुपये भरून उताऱ्याची प्रत कोणालाही मिळू लागली. पण नोंद बदलण्यासाठी फेरफाराचा विहित मार्ग आणि बोटाच्या ठशाने पटलेली अधिकाऱ्याची ओळख आवश्यक झाली.

‘वाचावे सर्वांनी, बदलावे अधिकाऱ्याने’ हे तत्त्व संकेतस्थळावरील अर्जांतही पाळावे लागते. तेथे रकाना दोन प्रकारे बंद करता येतो. ‘केवळ वाचनीय’ रकान्यातील मजकूर बदलता येत नाही, पण अर्जाबरोबर तो कार्यालयाकडे जातो. ‘निष्क्रिय’ रकान्यातील मजकूर मात्र पाठवलाच जात नाही.

रकान्याची ही उघडझाप जावास्क्रिप्ट या भाषेतील छोट्या आज्ञावलीने होते. ही भाषा १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली. समजा, एका अर्जात ‘जमीन कशी मिळाली?’ असा प्रश्न आहे. अर्जदाराने ‘खरेदीने’ हा पर्याय निवडताच आज्ञावली खरेदीखताच्या क्रमांकाचा रकाना खुला करते. ‘वारसाहक्काने’ निवडल्यास तो बंदच ठेवते. त्यामुळे चुका कमी होतात.

परंतु ही आज्ञावली अर्जदाराच्याच संगणकावर चालते. त्यामुळे जाणकार व्यक्ती तिने घातलेले कुलूप सहज काढू शकते. हे कुलूप प्रामाणिक माणसाला वाट दाखवते. लबाडाला अडवत नाही. म्हणून अर्ज पोहोचल्यावर मुख्य संगणकाने प्रत्येक रकाना पुन्हा तपासावा आणि पाठवणाऱ्याला तो बदलण्याचा अधिकार आहे काय, हेही पाहावे. खरे कुलूप नोंद जेथे जपली जाते तेथेच हवे. शेतकऱ्याचा हक्क त्याच कुलपाने सुरक्षित राहतो.

स्वाध्याय
१. ‘केवळ वाचनीय’ व ‘निष्क्रिय’ रकान्यांतील फरक सांगा.
२. अर्जाची तपासणी मुख्य संगणकावर पुन्हा का करावी लागते?