एमसीबी तारेसाठी, आरसीसीबी माणसासाठी

साठवणीच्या गिझरमध्ये वीज आणि पाणी यांच्यात धातूच्या एका पातळ वेष्टनाचे अंतर असते. हे वेष्टन म्हणजे कॉइलची बाहेरची नळी. १५ लिटरच्या गिझरची कॉइल बहुधा २००० वॉटची असते आणि २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. त्यामुळे गिझरला १६ अँपिअरचे सॉकेट लागते.

सर्वाधिक गैरसमज एमसीबीबद्दल आहे. प्रस्तुत लेखकाच्या पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावातील घरी ओल्या हाताने नळ सोडला की झिणझिण्या येत. बोलावलेल्या वायरमनने एमसीबी पाहून ‘सगळे ठीक आहे’ असे सांगितले. पुढचा पंधरवडा घरातली मुले त्याच नळाखाली आंघोळ करत राहिली. एमसीबी खरोखर ठीक होता. पण त्याचे काम तार तापून जळू न देणे एवढेच. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह गेल्यावर पडतो. माणसाच्या जिवाला धोका व्हायला त्याच्या पाचशेव्या हिश्शाइतका प्रवाहही पुरतो. तेवढी गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो त्या घरात नव्हता.

दुसऱ्या वायरमनने सॉकेट उघडले, तेव्हा अर्थिंगच्या मोठ्या भोकामागे तारच जोडलेली नव्हती. अर्थिंग म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी वाट. पिन तीन असल्या म्हणून ती वाट असतेच असे नाही. ती मीटर लावून तपासावी लागते.

गळतीचे मूळ मात्र पाण्यात होते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचे पाणी दिवसाआड येऊ लागले आणि अनेक सोसायट्या टँकर व बोअरवेलवर विसंबल्या. महापालिकेच्या, म्हणजे पवना नदीच्या, पाण्यापेक्षा बोअरचे पाणी जड. त्यातले क्षार कॉइलवर थरावर थर बसतात, आतली उष्णता अडते आणि वेष्टन तडकते. अशा पाण्यावर वर्षातून एकदा गिझर उघडून क्षार काढावेत. टाकीतला मॅग्नेशियम रॉडही तेव्हाच पाहावा. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो, म्हणून संपला की बदलायचा असतो.

पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांपर्यंत तापले की सुमारे दोन टक्के फुगते. १५ लिटरमागे हे वाढलेले पाणी पाव लिटरहून जास्त भरते. ते सेफ्टी वॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडते. ‘गळतो’ म्हणून या वॉल्व्हला बूच मारणे म्हणजे बंद टाकीतला दाब वाढवणे. टाकी बंद असते, कारण नॉन-रिटर्न वॉल्व्ह गरम पाणी थंड लाइनीत उलटे जाऊ देत नाही. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीचीच हवी. साधा यूपीव्हीसी पाइप उष्णतेने मऊ पडतो.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबूनही वीज गेली नाही, तर आरसीसीबी बदलेपर्यंत गिझर सुरू करू नये.