अपाची सर्व्हर : वेग आणि संरक्षण

आपण एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता टाईप करतो आणि क्षणार्धात पडद्यावर पान उघडते. दुसऱ्या टोकाला ते पान शोधून पाठविणाऱ्या आज्ञावलीस वेब सर्व्हर म्हणतात. अपाची हा त्यांपैकी एक सुप्रसिद्ध सर्व्हर होय. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हर, ते १९९४ च्या मध्यास तेथून गेल्यावर पोरका झाला. तो वापरणाऱ्या मंडळींनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि एप्रिल १९९५ मध्ये अपाचीची पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली. कोणीही वाचावी, बदलावी, विनामूल्य वापरावी अशी ही आज्ञावली आहे. तथापि ती बसवून स्वस्थ राहिले, तर परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पंचाईत होते. वेग वाढविणे आणि संरक्षण करणे ही दोन निराळी कामे समजली जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते दोहोंचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे मर्यादा घालणे.

खानावळीचे उदाहरण घेऊ. अपाचीच्या 'प्रीफोर्क' या जुन्या पद्धतीत प्रत्येक पाहुण्यामागे एक स्वतंत्र वाढपी असतो. असे वाढपी जास्तीत जास्त किती, हे 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स' या आज्ञेने ठरते. न सांगितल्यास ही संख्या २५६ धरली जाते. आता समजा, यंत्राची स्मृती ४००० मेगाबाइट आहे, त्यांतील १००० इतर कामांस लागतात आणि एक वाढपी ३० मेगाबाइट जागा अडवितो. म्हणजे उरलेल्या ३००० मध्ये १०० वाढपी मावतात. २५६ जण उभे राहिले तर ७६८० मेगाबाइट लागतील! मग यंत्र स्मृतीतील मजकूर डिस्कवर हलवू लागते आणि सगळीच कामे खोळंबतात. म्हणून येथे आकडा कमी करणे हाच वेग वाढविण्याचा उपाय ठरतो. एकशे एकावा पाहुणा दाराशी थोडा थांबेल, पण आतले शंभर जण जेवून उठतील.

काही पाहुणे जेवण झाल्यावरही पानावर बसून राहतात. पुढची मागणी त्याच जोडणीवरून यावी म्हणून सर्व्हर ती काही काळ उघडी ठेवतो. आवृत्ती २.४ मध्ये हा काळ मुळात ५ सेकंदांचा आहे; गर्दीत तो २ सेकंदांवर आणण्यास हरकत नाही. 'इव्हेंट' या नव्या पद्धतीत अशा रिकाम्या बसलेल्यांकडे एकच जण लक्ष ठेवतो आणि वाढपी मोकळे होतात.

याच सवलतीची वाईट बाजू २००९ साली 'स्लोलोरिस' या हल्ल्याने दाखविली. हल्लेखोर शेकडो जोडण्या उघडतो आणि प्रत्येकीवर मागणीचा एकेक तुकडा सावकाश पाठवीत राहतो. जणू एक शीत खाऊन तासभर पान अडविणारा पाहुणाच! वाढपी अडकतात आणि खऱ्या पाहुण्यास जागा उरत नाही. यावर 'रिक्वेस्ट-टाइमआउट' हे उपांग आहे. मागणीचा प्रारंभीचा भाग २० सेकंदांत यावा, सेकंदास किमान ५०० बाइट येत असतील तर ४० पर्यंत सूट, नपेक्षा जोडणी तोडावी, असा त्याचा नियम.

आता थोडे कोठाराविषयी. प्रत्येक कप्प्यात स्थानिक नियमांची फाईल ठेवू दिली, की सर्व्हर प्रत्येक मागणीस वाटेतल्या सर्व कप्प्यांत ती शोधत बसतो. ही मुभा बंद करून नियम मुख्य फाईलीत लिहिले, की शोधाचा वेळ वाचतो आणि कोणीतरी गुपचूप नियम बदलण्याचा मार्गही बंद होतो. (आवृत्तीचा क्रमांक लपविण्यावर काहीजण फार भर देतात. तो लपवावा, पण त्याने कुलूप लागत नाही.)

कुलूप म्हणजे काय, हे ऑक्टोबर २०२१ मध्ये दिसले. आवृत्ती २.४.४९ मध्ये पत्ता तपासण्यात चूक राहिली होती. टिंबे सांकेतिक रूपात लिहून पाठविली, की नेमलेल्या कप्प्याबाहेरच्या फायली वाचता येत. काही मांडणीत तर परक्याच्या आज्ञाही चालत. घाईने काढलेली २.४.५० अपुरी पडली. पुरी दुरुस्ती २.४.५१ मध्ये झाली. परंतु ज्यांच्या मुख्य फाईलीत 'सर्वत्र प्रवेश बंद, फक्त अमुक कप्पा खुला' असा नियम अबाधित होता, त्यांच्या बाहेरच्या फायली २.४.४९ चालू असतानाही या मार्गाने कोणास वाचता आल्या नाहीत.