ड्रम उघडण्याआधी

चि. बाळ,


तळणीच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलचा ड्रम तू आणलास, हे ताईच्या फोनवरून कळलं. दाजींचा ट्रॅक्टर वीस वर्षांचा, म्हणून घाईने लिहितोय.

वनस्पती तेलावर इंजिन चालतं यात नवल नाही. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण नुसतं तेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट. ते नोझलमधून नीट फवारत नाही, अर्धवट जळतं आणि नोझलला काजळी धरते. मिथेनॉल आणि कॉस्टिक वापरून त्यातलं ग्लिसरीन वेगळं काढलं, की मग ते बायोडिझेल.

तुझ्या ड्रममधलं ग्लिसरीन नीट निघालंय का? काचेच्या बरणीत अर्धं बायोडिझेल आणि अर्धं पाणी घे, झाकण लावून जोरात हलव आणि अर्धा तास ठेवून दे. वर पिवळं, खाली पाणी, मधली रेघ स्वच्छ असेल तर बरं. मधे ताकासारखं पांढरं राहिलं, तर साबण उरलाय किंवा तेल कच्चं आहे. ड्रम परत कर. बरणीत पास झालं तरी विकणाऱ्याकडे आयएस 15607 चा रिपोर्ट मागच. तो आढेवेढे घेऊ लागला, की समजून जा.

माल चांगला निघाला तरी निव्वळ ओतू नकोस. सुरुवातीला दहा लिटर डिझेलला एक लिटर, फार तर पुढे वीस टक्के. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं. माझी जीप ऐन घाटात बंद पडली, तेव्हा मी त्या बायोडिझेलला यथेच्छ शिव्या घातल्या. फिल्टर खोलला तर आत काळा चिखल! तो माझ्याच टाकीतला, कैक वर्षांचा. म्हणून आधी टाकी धुऊन घे. जुने रबरी पाइपही बायोडिझेलने फुगतात, मऊ पडतात आणि झिरपू लागतात, ते बदल.

ड्रम उन्हात ठेवू नकोस, झाकण घट्ट लाव. बायोडिझेल पाणी धरतं आणि जुनं झालं की खवट होतं. पेरणीपर्यंत साठवायचा विचार असेल तर सोडून दे.

दोन फिल्टर आण, एक ट्रॅक्टरवरच ठेव. पाइप मी येताना आणतो. त्यांची जाडी आणि लांबी मोजून कळव.

तुझा,
मामा