स्नेह्याचा भार आणि आपली सवड

चिरंजीव बापू,

तुझे पत्र परवा पोचले. त्यातील बहुतेक मजकूर तुझ्या कचेरीचा, वरिष्ठांनी विश्वासाने तुझ्याकडे सोपविलेल्या नव्या कामाचा व मार्चअखेरच्या हिशेबांचा असून, अगदी शेवटी, पत्राची घडी घालता घालता आठवावे अशा रीतीने, तुझ्या बाळमित्राचे वडील निवर्तल्याची वार्ता तू कळविली आहेस. सांत्वनाचे पत्र धाडले, काही रक्कमही मनीऑर्डरने रवाना केली, आणि या धामधुमीतून मोकळा झालो की दोन दिवस जाऊन येईन, असे तू लिहितोस. तुझ्या अंतःकरणात त्याच्याविषयी ममता आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्या ममतेला तू ज्या मोकळ्या दिवसांची वाट पाहावयास लावले आहेस, ते दिवस कर्त्या माणसाच्या आयुष्यात सहसा उगवत नाहीत, म्हणून जरा विस्ताराने लिहीत आहे.

घरातील वडील माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत दारात चपलांचा ढीग असतो. पुढे पाहुणे आपापल्या गावी परततात, आणि खरा भार त्यानंतर अंगावर येतो. वडिलांची पत्र्याची पेटी उघडावी तो तीत सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, विम्याच्या हप्त्यांची पुडकी, पोस्टाचे पासबुक, घडीवर फाटलेला एखादा गहाणखताचा कागद, आणि ज्यांचा अर्थ केवळ लिहिणाऱ्यालाच ठाऊक होता अशा आकड्यांनी भरलेली खिशातली वही, असे सारे एकत्र कोंबलेले सापडते. जमिनीला वारसांची नावे लागावयाची तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी लागते. मग वारसांची चौकशी, फेरफाराची नोंद, चावडीवर नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत, आणि नोंद प्रमाणित झाली म्हणजे सातबाऱ्याचा उतारा बदलून हाती पडतो. यातले एकेक काम पाहू गेल्यास क्षुल्लक आहे. परंतु ज्या मुलाने काल ज्यांच्या चितेला अग्नी दिला त्यांच्याच नावापुढे त्याला अर्जात 'मयत' असे लिहावयाचे असते, आणि तेथे त्याचा हात अडतो. अशा वेळी शेजारी मांडी घालून बसणारा, कागद एकेक उचलून मोठ्याने वाचणारा, हा विम्याचा, हा सोसायटीचा, असे वेगवेगळे गठ्ठे लावून देणारा कोणीतरी लागतो. तुझी मनीऑर्डर हे काम करू शकत नाही.

'माझेच काम मला आवरत नाही, त्यात दुसऱ्याचे कोठून घेऊ?' असे तू म्हणशील, आणि ती सबब खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तथापि लोकमान्य टिळकांच्या चरित्रातील ताईमहाराज प्रकरण तू या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावेस अशी माझी इच्छा आहे. 1897 च्या जुलै महिन्यात टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले होते. ऑगस्टच्या आरंभी ते जामिनावर सुटून येतात न येतात तोच त्यांचे स्नेही, पहिल्या वर्गाचे सरदार बाबामहाराज पंडित पटकीने अंथरुणास खिळले, आणि 7 ऑगस्ट रोजी, मृत्यूच्या दिवशीच केलेल्या मृत्युपत्रात, आपल्या कर्जबाजारी दौलतीची व्यवस्था पाहण्यासाठी इतरांबरोबर टिळकांना विश्वस्त नेमून त्यांनी डोळे मिटले. ज्याच्या स्वतःच्या गळ्याभोवती सरकारचा फास आवळत चालला होता, ज्याचे वर्तमानपत्र, ज्याचा संसार आणि ज्याचे स्वातंत्र्य या तिन्हींचा निकाल महिन्याभरात लागावयाचा होता, त्याला 'मला क्षमा करा, दुसरा कोणी पाहा' असे म्हणावयास त्याहून सबळ कारण कोणते हवे होते? टिळकांनी ते म्हटले नाही. पुढे सप्टेंबरात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली; 1898 च्या सप्टेंबरात मुदतीपूर्वी सुटून आल्यावर त्यांनी मित्राचे काम पुन्हा हाती घेतले.

त्या कामाने त्यांना काय दिले म्हणशील, तर सतरा-अठरा वर्षांचा मनस्ताप. बाबामहाराजांच्या मागे जन्मलेले मूल फार दिवस जगले नाही, म्हणून मृत्युपत्रातील आज्ञेप्रमाणे दत्तक घेणे प्राप्त झाले. विश्वस्तांनी 1901 च्या जून महिन्यात औरंगाबादेस, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखात, जगन्नाथ नावाच्या मुलाचा दत्तविधी करविला. परंतु काही आठवड्यांतच बाबामहाराजांच्या विधवा पत्नी ताईमहाराज यांचे मन फिरले आणि कोल्हापूरच्या बाजूचा दुसरा मुलगा दत्तक म्हणून पुढे आला. औरंगाबादचा विधी झालाच नव्हता, टिळक शपथेवर खोटे बोलले, असा आरोप उभा राहिला. 1903 च्या ऑगस्टात त्यांना सक्तमजुरीची शिक्षा सांगण्यात आली. ती अपिलात कमी झाली आणि 1904 च्या मार्चमध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष ठरविले. दत्तकाचा दिवाणी दावा तर याहून लांबला. 1910 साली हायकोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अखेर 26 मार्च 1915 रोजी विलायतेत प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तक खरे ठरविले, तेव्हा कोठे मृत मित्राचे काम पुरे झाले. ज्या 1903 साली वेदकालीन आर्यांच्या उत्तरध्रुवीय वसतीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच साली ते फौजदारी कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते, हे ध्यानात घे. एवढ्या बुद्धीच्या पुरुषाने एका सरदाराच्या घरगुती भानगडीत आपली उमेदीची वर्षे दवडावयास नको होती, असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला ते मत मुळीच मान्य नाही. सवंगड्याच्या मरणसमयीचा शब्द जो गैरसोयीचा वाटताच टाकून देतो, त्याच्या शब्दावर राष्ट्राने तरी विसंबून का राहावे?

तरीही या प्रकरणाची दुसरी बाजू मी तुझ्यापासून लपविणार नाही. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या त्या बाईला आपल्याच घरात, आपल्याच पैशावर इतरांची हुकमत चालते असे वाटले असेल, तर ते मनुष्यस्वभावाला धरूनच होते, आणि कान भरणाऱ्यांना नेमकी तीच फट सापडली. कायदा विश्वस्तांच्या बाजूचा होता. परंतु ज्याचा भार आपण उचलतो त्याला आपला जाच वाटू नये, हे कायद्याने साधत नाही. म्हणून तू मित्राकडे गेलास की पेटीची किल्ली आपल्या खिशात घालू नकोस. कागद तू वाच, पण काय ठेवावयाचे, काय फेडावयाचे, भाऊबंदांना काय सांगावयाचे, याचा निर्णय त्याला आणि त्याच्या आईला करू दे. त्या माउलीला समोर बसवूनच पैशाची गोष्ट काढ. पुरुषमाणसांनी ओसरीवर बसून परस्पर ठरवावे आणि तिने केवळ अंगठा उठवावा किंवा सही करावी, ही आपल्याकडची रीत मला पहिल्यापासून गैर वाटत आली आहे. पै-पैचा जमाखर्च त्यांच्याच वहीत, त्यांच्यासमोर लिहीत जा. उद्या तुमच्या मैत्रीत काही वितुष्ट आले, तर तीच वही तुम्हां दोघांची लाज राखील.

आणखी एक सांगतो. जाशील तेव्हा हातातल्या घड्याळाकडे पाहत बसू नकोस. दुःखात असलेला माणूस कामाचे सोडून भलतेच बोलतो, तीच हकीकत तीनदा सांगतो, मध्येच गप्प होतो. हा वेळ वाया गेला असे तुझ्यासारख्या कामसू माणसाला वाटण्याचा संभव आहे, पण त्याला त्या दिवशी दिलेली सर्वांत मोठी मदत बहुधा तीच असते.

कचेरीची चिंता तू करतोस ती रास्त आहे, आणि पोटापाण्याचे काम सोडून दे असा उपदेश मी कधी केला नाही. पण तू आठ दिवस रजेवर राहिलास तर तुझ्या टेबलावरची फाईल दुसरा कारकून उघडील. तुझ्या मित्राच्या घरची पेटी उघडण्यास बसेल असा दुसरा कोणी, तुझ्याच पत्रावरून, मला दिसत नाही. वडिलांना जाऊन महिना होत आला असे तू लिहितोस, म्हणजे वर्दीच्या मुदतीतला तिसरा हिस्सा निघून गेला. तेव्हा हे पत्र हाती पडताच रजेचा अर्ज दे, मिळेल त्या गाडीने नीघ, मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती आधी काढवून घे, आणि तलाठ्याकडे अर्ज दिलास की त्याची पोच घेतल्यावाचून तेथून हलू नकोस.

तुझा,
मामा