मणी ओवताना डोळे सांभाळा

काही दिवसांपूर्वी पंचेचाळिशीच्या एक भगिनी माझ्याकडे आल्या. त्यांच्या आळीतल्या आठ-दहा जणी दुपारी एकत्र बसून मण्यांची तोरणे, रुखवताच्या वस्तू करतात. त्यात या सर्वांत हौशी. पण दोन महिने त्यांनी जाणेच सोडले होते. "डॉक्टर, सुईत दोरा जात नाही, डोके दुखते. बायका हसतात. त्यापेक्षा घरीच बरी," असे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

मी डोळे तपासले. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू नव्हता. होती ती केवळ चाळिशी! वयाच्या चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे अंधुक दिसू लागते. चष्म्याने काम भागते. मात्र तो डोळे तपासूनच घ्यावा. काचबिंदू बहुधा दुखत नाही, तपासणीतच सापडतो. आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही.

मणीकाम करणाऱ्या भगिनींनी एवढे पाळावे :

१) उजेड डाव्या खांद्यावरून यावा, डावखुऱ्यांनी उजव्या.

२) गडद मणी पांढऱ्या फडक्यावर, पांढरे मणी गडद फडक्यावर घ्यावेत.

३) दर २० मिनिटांनी थोडा वेळ दूर पाहावे, मान व बोटे मोकळी करावीत.

४) रात्री अंगठ्याला व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

५) मणी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, ती नाका-कानात घालतात.

त्या भगिनी आता पुन्हा जाऊ लागल्या आहेत. गेल्या आठवड्यात आणखी तिघींना तपासणीसाठी घेऊन आल्या. हसणाऱ्या त्याच होत्या!